शेक, घास आणि पेजेची वाटी

घशाच्या कर्करोगावरचा शेक, म्हणजे किरणोपचार, साधारण साडेसहा ते सात आठवडे चालतो. आठवड्यातले पाच दिवस, एकूण 33 ते 35 वेळा. जोडीला बहुतेकदा सिस्प्लॅटिन या औषधाची किमो असते. गोंदिया जिल्ह्यातल्या रुग्णाला त्यासाठी सहसा नागपूर गाठावे लागते: राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था किंवा ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या आतल्या गावांतून निघालेले कुटुंब पैशांची, खोलीची, कागदपत्रांची आणि सोबतीला राहणाऱ्या माणसाची तजवीज कशीबशी करते. एका गोष्टीची तजवीज मात्र क्वचितच होते. या सात आठवड्यांत रुग्ण खाणार काय, किती आणि कशा वाटेने? ‘जे जाईल ते खाऊ द्या’ एवढ्यावर हा प्रश्न सोडला जातो. माझे म्हणणे असे की घशाच्या कर्करोगात आहार ही उपचारानंतर करायची शुश्रूषा नाही. शेक आणि किमो यांच्या बरोबरीने त्याचे माप ठरले पाहिजे, वजनकाट्यावर तो तपासला गेला पाहिजे. आणि हे करायला लागणारी बहुतेक सामग्री या धानाच्या जिल्ह्यात घरोघरी आहे.

आधी घशात काय घडते ते पाहू. पहिले दहा-बारा दिवस फारसा त्रास नसतो, आणि तिथेच घरच्यांची फसगत होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येऊ लागते, घशाचे आतले अस्तर सोलवटते, लाळ घट्ट होऊन मग आटते, चव जाते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आवंढा गिळणेही नको होते. शेक संपल्यावर दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त, हे टिकते. पुष्कळ रुग्ण मुळात निदानाच्या वेळीच वाळलेले असतात, कारण घास अडकतो म्हणूनच तर ते डॉक्टरकडे आलेले असतात. पूर्व विदर्भात त्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची भर आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले, आणि त्यांतले बहुसंख्य ती खाणारे होते. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाच्या आतली त्वचा आवळत जाते आणि तोंड दोन बोटांपुरतेही उघडत नाही. अशा माणसाला पोळी-भाजीचा सल्ला देणे व्यर्थ आहे. त्याचा आहार पहिल्या दिवसापासून चमच्याने किंवा स्ट्रॉने जाईल असाच आखावा लागतो.

न खाण्याची किंमत फक्त अशक्तपणात मोजता येत नाही. रुग्ण इतका खचतो की शेक मध्येच थांबवावा लागतो, आणि थांबलेल्या दिवसांत उरलेल्या कर्करोगपेशी पुन्हा वेगाने वाढू लागतात. डोके-मानेच्या कर्करोगात उपचार ठरल्यापेक्षा लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे त्या जागेचा रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असा अनेक अभ्यासांचा अंदाज आहे. आठवडाभर शेक चुकणे म्हणजे काय, हे यावरून कळावे. दुसरीकडे, उपचार जितका परिणामकारक तितका तो जाचकही असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2018 मध्ये 300 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या बहुतेकांची आधी शस्त्रक्रिया झालेली होती. दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनची मोठी मात्रा घेणाऱ्यांत दोन वर्षांनी रोग त्या भागात आटोक्यात राहण्याचे प्रमाण सुमारे 73 टक्के होते, तर दर आठवड्याला लहान मात्रा घेणाऱ्यांत सुमारे 58 टक्के. पण गंभीर दुष्परिणामही पहिल्या गटातच जास्त झाले. चांगले औषध सोसायला शरीर लागते, आणि ते शरीर सात आठवडे टिकवून धरण्याचे काम अन्नाशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

सल्ल्याने खरोखर फरक पडतो का, अशी शंका घेणे रास्त आहे. भूक मेलेली आणि घसा सोललेला असताना आहारतज्ज्ञ काय करणार? याचे उत्तर चाचण्यांनी दिले आहे. पोर्तुगालमध्ये पाउला राव्हास्को आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेक घेणाऱ्या डोके-मानेच्या 75 रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला नेहमीच्या अन्नाबद्दल वैयक्तिक सल्ला, दुसऱ्याला प्रथिनयुक्त तयार पेये, तिसऱ्याला काहीच विशेष नाही. सर्वांत चांगले निघाले ते सल्ला मिळालेले रुग्ण, आणि त्यांचा फायदा उपचारानंतर तीन महिन्यांनीही टिकून होता. डब्यातली महाग पावडर घरच्या अन्नावरच्या नेमक्या सल्ल्यापुढे मागे पडली, ही बाब आपल्यासाठी फार मोलाची आहे. ऑस्ट्रेलियात पाच रुग्णालयांत 307 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहारतज्ज्ञांनाच रुग्णाशी बोलायचे कसे, त्याची उमेद कशी धरून ठेवायची, याचे शिक्षण दिले गेले. त्यांच्या रुग्णांचे पोषण अधिक चांगले राहिले आणि मनाची खिन्नताही कमी झाली. या चाचण्या लहान किंवा मध्यम आकाराच्या आहेत. नुसत्या आहाराने आयुष्य वाढते असे त्यांच्या आधारावर छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वजन कमी घटते, उपचार कमी खंडित होतो आणि माणूस लवकर जेवणावर येतो, एवढे म्हणायला आधार पुरेसा आहे.

आता आपल्याकडच्या पेजेकडे वळू. आजारी माणसाला पेज द्यायची ही आपली जुनी, मायेची रीत. घशाला ती सोसते, म्हणून दिवसातून पाच-सहा वाट्या दिल्या जातात आणि पोट भरले असे सर्वांना वाटते. हिशेब करून पाहा. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत. पन्नास किलोच्या माणसाला हे होतात 1250 ते 1500 किलोकॅलरी आणि 50 हून अधिक, जमल्यास 75 ग्रॅमपर्यंत प्रथिने. वाटीभर पातळ पेजेत तांदूळ असतो फार तर 30 ग्रॅम. त्यातून मिळतात सुमारे 105 किलोकॅलरी आणि दोन-सव्वादोन ग्रॅम प्रथिने. पाच वाट्या घेतल्या तरी ऊर्जा गरजेच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त आणि प्रथिने पाचव्या हिश्श्याच्या आसपास. रुग्ण ‘खातो आहे’ आणि तरी आठवड्याला किलो-दीड किलो उतरतो, याचा उलगडा इथे होतो. उरलेली गरज तो स्वतःच्या दंड-मांड्यांच्या मांसातून भागवत असतो.

वाट्या वाढवणे शक्य नसते, कारण प्रत्येक घोट दुखतो. म्हणून त्याच वाटीत जास्त मावले पाहिजे. पंचवीस ग्रॅम तांदूळ, तेवढीच मुगाची डाळ, दोन चहाचे चमचे तेल किंवा तूप आणि शिजताना फेटून घातलेले एक अंडे, अशी मऊ आसट खिचडी केली तर एका वाटीत सव्वातीनशेच्या वर किलोकॅलरी आणि सुमारे 14 ग्रॅम प्रथिने येतात. गोड हवे असेल तर तांदळाची खीर करावी: 25 ग्रॅम तांदळाचा रवा, पेलाभर दूध, त्यात एक मोठा चमचा दुधाची साधी पावडर आणि थोडी साखर. हिशेब जवळपास तोच. अशा पाच वाट्यांत दिवसाची गरज भागते. अंडे चालत नसेल तिथे दुधाची पावडर, भाजून बारीक वाटलेले शेंगदाणे किंवा घट्ट दही उपयोगी पडते. या जिल्ह्यात मासळीचीही ददात नाही. माजी मालगुजारी (मामा) तलाव आणि बोड्यांतले रोहू, कतला, मरळ इथे घरोघर खाल्ले जातात. शंभर ग्रॅम माशात 16 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात. मात्र मासा बिनतिखटाचा उकडून, काटे निवडून, कुस्करून आणि गाळणीतून काढूनच द्यावा, सोललेल्या घशात एक बारीक काटा पुरतो. तळ्यातला शिंगाडा बळ देणारा मानला जातो, पण त्याचे पीठ बहुतांशी पिष्टच आहे. दुधात शिजवले तरच त्याला अर्थ. आणि लाखोळीच्या डाळीबद्दल एक सावधगिरी. ती निरोगी माणसाच्या ताटात अधूनमधून असणे वेगळे. ज्याचा सगळा आहारच दोन-तीन पदार्थांवर आला आहे, त्याच्या वाटीत ती रोज नको, कारण लाखोळी सतत आणि मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर मज्जासंस्थेला इजा करते, आणि सिस्प्लॅटिनही नसांना त्रास देणारेच औषध आहे. तूर आणि मूग असताना हा धोका का पत्करावा?

घट्ट खिचडी गिळायला जड जाते, ही अडचण खरी. तिच्यावर एक स्वस्त तोड आहे, जी कुपोषित बालकांच्या आहारासाठी भारतातच अभ्यासली गेली. गहू रात्रभर भिजवून, मोड आणून, उन्हात कडकडीत वाळवून, हलकेच भाजून दळायचा. या पिठात पिष्ट तोडणारे घटक तयार झालेले असतात. गरम, दाट खिरीत किंवा लापशीत त्याचा एखादा चमचा ढवळला की काही मिनिटांत ती पातळ होते. पाणी न वाढवता पातळ होते, हे महत्त्वाचे. दुप्पट पीठ घातलेली लापशीही ओतता येईल अशी बनते आणि नाकातून घातलेल्या नळीतूनही जाते. जोरात भाजले तर ते घटक मरतात, एवढे मात्र सांभाळावे लागते.

यावर पहिला आक्षेप घराघरांतून येतो: साखर आणि पौष्टिक अन्न दिले तर गाठच पोसली जाईल, उपाशी ठेवले तर ती सुकेल. युक्तिवाद वरवर पटणारा आहे, कारण कर्करोगपेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरेच आहे. पण तोंडातून साखर बंद केल्याने रक्तातले ग्लुकोज संपत नाही. यकृत ते स्नायूंची प्रथिने मोडून तयार करत राहते. उपाशी राहणाऱ्याचे मांस जाते आणि गाठ राहते. साखर तोडल्याने माणसांतला घशाचा कर्करोग आटतो असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब जरूर वेगळा, आणि तो डॉक्टरांबरोबर करायचा, पण तिथेही अन्न तोडायचे नसते, औषध जुळवायचे असते. दुसरा आक्षेप पथ्याचा. अंडे उष्ण, मासा वातूळ, दही कफकारक, वांगे नको, दूध आणि मीठ एकत्र नको. या श्रद्धांचा अपमान करण्याचे कारण नाही. ज्या घरी अंडे चालत नाही तिथे ते न घालताही वाटी भरते. फक्त एक नियम पाळावा: एक पदार्थ वर्ज्य केला की त्याच्या तोडीचा दुसरा त्याच दिवशी वाटीत यायला हवा. पथ्याची यादी वाढत जाते आणि शेवटी वाटीत पेजच उरते, हे घडू देता कामा नये. जी पथ्ये खरोखर पाळायची आहेत ती वेगळी आहेत: तिखट, आंबट, कढत, कोरडे आणि टोचणारे नको, दारू नको, मोहाचीही नको, खर्रा आणि विडी तर उपचारातही चालू राहिली तर शेकाचा गुणच कमी होतो. मिठा-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा कराव्यात. आणि दुखणे कमी करणारे औषध जेवणाआधी अर्धा तास घ्यावे. जेवणानंतर घेतलेली गोळी त्या जेवणाच्या कामाची नसते.

मधाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण इथे लोकसमजुतीला शास्त्राचा दुजोरा मिळाला आहे. कर्करोगात तोंड येण्यावर मार्गदर्शक तत्त्वे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 2020 मध्ये डोके-मानेचा शेक घेणाऱ्यांत मध तोंडात फिरवून गिळणे हा उपाय सुचवला. मात्र लाळ आटलेल्या तोंडात साखर दात लवकर किडवते. त्यामुळे नंतर चूळ भरणे आणि शेक सुरू होण्याआधी दात तपासून घेणे सोबत आले. जंगली मधाला भेसळीचीही शंका असते, तेव्हा खात्रीचा मध मिळेल तरच.

नाकातल्या नळीला लोक सर्वांत जास्त घाबरतात. नळी घातली म्हणजे शेवट जवळ आला, असा समज खोलवर रुजलेला आहे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे: गावाने नळी पाहिलेली असते ती मरणासन्न माणसालाच घातलेली. म्हणून रुग्ण नाही म्हणतो, घरचे अडून बसतात, आणि दहा दिवस पाण्यावर काढल्यावर नळी घातली जाते. तोवर वजन पाच-सहा किलोंनी उतरलेले असते, आणि इतक्या उपासानंतर एकदम भरपूर अन्न ओतणेही धोक्याचे ठरते. रक्तातले फॉस्फरससारखे क्षार अचानक घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. अशा वेळी अन्न हळूहळू, रुग्णालयाच्या देखरेखीखालीच वाढवावे लागते. नळी वेळेवर, म्हणजे वजन ढासळण्याआधी घातली, तर ती काही आठवड्यांची सोय असते. घरचीच दाळ, दूध, अंडे, मोडाच्या गव्हाची लापशी मिक्सरमधून बारीक करून, दोनदा गाळून नळीतून देता येते. रुग्णाला बसते करून, हळू, आधी आणि नंतर पाणी घालून नळी धुवायची. भांडी उकळत्या पाण्याने स्वच्छ, अन्न ताजे, उन्हाळ्यात दोन तासांहून जुने नाही. गोंदियाच्या मे महिन्यात तर हा मुद्दा जिवावरचा आहे.

नळीवरचा एक आक्षेप डॉक्टरांच्या बाजूनेही येतो, आणि तो वजनदार आहे. नळी असली की रुग्ण गिळणेच सोडून देतो आणि न वापरलेले गिळण्याचे स्नायू कायमचे दुबळे होतात. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन रुग्णालयाने 497 रुग्णांचा मागोवा घेऊन 2013 मध्ये दाखवले की उपचारभर तोंडाने थोडेतरी खात राहिलेले आणि गिळण्याचे व्यायाम करणारे रुग्ण नंतर नेहमीच्या जेवणावर सर्वाधिक प्रमाणात परतले. दोन्ही सोडलेले सर्वांत मागे राहिले. पण यावरून नळी टाळावी असे निघत नाही. पोट नळीने भरावे आणि घसा चमच्यांनी चालता ठेवावा, असे निघते. दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन चमचे ताक किंवा खीर गिळणे हा तेव्हा आहार नसून व्यायाम असतो. अपवाद एकच: पाणी पिताना ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज घोगरा-ओला होत असेल किंवा वारंवार ताप येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता आहे. तिथे पातळ पदार्थच जास्त घातक असतात, वर सांगितलेली पातळ लापशीसुद्धा, आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये. पाण्याचीही हीच काळजी. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर घाव घालते. त्या आठवड्यात घसा दुखतो म्हणून पाणी न पिणाऱ्याला नळी केवळ अन्नासाठी नाही, मूत्रपिंड वाचवण्यासाठी हवी असते.

एवढे सगळे करायला पैसा आणि माणूस कुठून आणायचा? हा आक्षेप टाळून चालणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार आणि किमोचा खर्च बसतो, दाखल रुग्णाच्या जेवणाचीही तरतूद आहे. पण शेकासाठी दाखल व्हावे लागत नाही. नागपुरात खोली घेऊन रोज ये-जा करणाऱ्याच्या वाटीची जबाबदारी सोबत आलेल्या बायकोवर किंवा मुलावर पडते, तीही एका स्टोव्हवर, मिक्सर नसताना. अन्नाला उपचार मानायला सरकार तयार नाही असेही म्हणता येत नाही. क्षयरोगात ते मानले गेले आहे. निक्षय पोषण योजनेत एप्रिल 2018 पासून रुग्णाला दरमहा 500 रुपये मिळू लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1000. झारखंडमध्ये सुमारे 2800 क्षयरुग्णांना शिधा देऊन झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. कर्करोग आणि क्षयरोग सारखे नाहीत, हे उघड आहे. एकाचा पुरावा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण घशाच्या कर्करोगात वजन टिकवण्याची निकड क्षयापेक्षा कमी आहे असे कोण म्हणेल? दूध पावडर, तेल, डाळ, अंडी यांचा तीन महिन्यांचा शिधा किमोच्या एका फेरीच्या आसपासच्या इतर खर्चांपुढे डोळ्यांत भरणारा नाही.

माणसांचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण आहारतज्ज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत. तरीही सुरुवात करायला तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन लिहिणे हे काम आशा कार्यकर्ती करू शकते. वजन महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त उतरले, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो गेले, तर रुग्णालयाला फोन, एवढी एकच सूचना तिच्याकडे असली तरी पुष्कळ साधेल. शेक सुरू होण्याआधीच्या दिवसांत कुटुंबाला वाटी कशी भरायची ते प्रत्यक्ष करून दाखवणे आणि नळीबद्दल त्याच वेळी, शांतपणे, रुग्णासमोर बोलून ठेवणे, हे नागपुरात झाले पाहिजे.

आणि 2016 मध्ये सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे काम खरे सुरू होते ते शेवटच्या शेकानंतर. कुटुंब सुटल्याच्या आनंदात गावी परतते, आणि नेमके पुढचे दोन आठवडे घशाचे सर्वांत वाईट असतात; शेकाचा परिणाम मशीन बंद झाल्यावरही चढतच असतो. त्या काळात नळी निसटली, अडली, किंवा रुग्णाने कंटाळून उपसून टाकली, तर दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरापर्यंत जाणे बहुतेकांना जमत नाही आणि माणूस पुन्हा पेजेवर येतो. नळी बदलणे, सलाइन देणे, क्षार तपासणे, वजन लिहिणे या गोष्टी गोंदियात, आणि जमेल तितक्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झाल्या पाहिजेत. नळी काढण्याचा निर्णयही तिथेच घेता येईल: रुग्ण तोंडाने दिवसाची गरज सलग भागवू लागला, ठसका लागत नाही, आणि दोन आठवडे काट्यावरचा आकडा खाली गेला नाही, तेव्हा. चव परत यायला त्यानंतरही काही महिने लागतात. तोवर भरलेली वाटी, गिळण्याचे व्यायाम आणि तोंड उघडण्याचे व्यायाम चालूच ठेवायचे असतात.